ड्यूकचे झटके घालवताना: चेनपासून मॅपपर्यंत

गाडीचे झटके मोजायचं मीटर बाजारात मिळत नाही. माझ्याकडे आहे. बायको मागे बसते तेव्हा तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर किती वेळा आपटतं, ते मी मनात मोजत जातो. पिरंगुट सोडल्यापासून ताम्हिणी गाव येईपर्यंत पहिल्या वेळी आकडा होता चौदा. टक् झालं की मागून आवाज यायचा, "अहो, परत!" तिला मानेचा त्रास आहे. त्या रविवारी घरी आल्यावर तिने गरम पाण्याची पिशवी मानेला लावली आणि पुढच्या वेळी बसने जाऊ म्हणाली. तेव्हा मी ठरवलं, हे झटके घालवायचेच.

गाडी २०१५ ची केटीएम ३९० ड्यूक. पहिल्या पिढीतली, म्हणजे ॲक्सिलरेटरला केबल असलेली. २०१७ च्या मॉडेलपासून राइड-बाय-वायर आलं, म्हणजे केबलऐवजी विजेच्या सिग्नलवर चालणारा ॲक्सिलरेटर, त्या गाडीला माझ्या लिखाणातला केबलचा भाग लागू नाही, बाकीचा बराचसा लागू आहे. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे आणि ही गाडी बनली आमच्या शेजारी, चाकणला. इंजिनवर माझा जीव आहे. ३७३.२ सीसी, ८९ मिमी बोअर, ६० मिमी स्ट्रोक, आणि पाच हजारांच्या पुढे जे काही पळतं, त्याला तोड नाही. त्रास खालीच आहे. अडीच ते साडेचार हजार आरपीएममध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, ॲक्सिलरेटर नुकता उघडताना. नेमकं तिथे, जिथे आपण शहरात आणि घाटाच्या वळणात सगळा वेळ असतो.

असं का होतं, ते आधी समजून घ्या, म्हणजे पैसे चुकीच्या जागी जाणार नाहीत. या गाडीचा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा जिथून जाते ते तोंड, ४६ मिमीचा आहे. एका सिलिंडरला एवढं मोठं तोंड, त्यामुळे आतली झडप, म्हणजे बटरफ्लाय, जरासा हलला तरी हवा एकदम वाढते. त्यात इंजिनचं फिरतं वजन कमी, म्हणून हवेतला प्रत्येक फरक लगेच चाकाला कळतो. आणि कमी थ्रॉटलवर कंपनी पेट्रोल मोजून-मापून देते. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला काम करायला हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर जळण्याच्या बिंदूवर लागतं. त्या बिंदूला लॅम्डा १ म्हणतात. शुद्ध पेट्रोलला तो १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. इंजिन मात्र सगळ्यात मऊ चालतं ते त्याहून थोडं जास्त पेट्रोल मिळाल्यावर, लॅम्डा ०.९ ते ०.९५ च्या आसपास. सगळं ट्युनिंग या छोट्या फरकाभोवती फिरतं.

आधी लोखंड, मग पेट्रोल

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पेट्रोल कमी-जास्त करणारं ट्युनिंग किट मागवायच्या आधी एक पूर्ण दिवस गाडीच्या ढिलाईला द्या. माझ्या चौदा टकांपैकी पाच नुसत्या चेन, रबर आणि केबलने गेले. पेट्रोलला हातही लावला नव्हता.

गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या, पहिला गिअर टाका, इंजिन बंद. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. कट्ट असा आवाज येऊन चाक किती फिरतं बघा. टायरवर खडूची खूण करा आणि स्विंगआर्मवर दुसरी. माझ्या गाडीला खुणेपासून खुणेपर्यंत जवळजवळ चार बोटं अंतर भरलं. म्हणजे ॲक्सिलरेटर उघडल्यावर इंजिन ती चार बोटं मोकळं धावत होतं आणि मग हातोडा मारल्यासारखं चाकाला भिडत होतं. ही जागा कुठलाच मॅप, म्हणजे कुठे किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, भरून काढत नाही.

या ढिलाईचे दोन भाग असतात, चेन आणि ड्रम रबर. चेन एकाच जागी मोजून सोडू नका. टायरचा व्हॉल्व्ह खाली, मग मागे, मग वर, मग पुढे, अशा चार जागी चाक फिरवून स्टीलच्या पट्टीने खेळ मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. माझ्या चेनला दोन जागांमध्ये नऊ मिलिमीटरचा फरक होता. अशा चेनला सगळ्यात घट्ट जागेवर मॅन्युअलचा आकडा ठेवावा लागतो, मग बाकी ठिकाणी ती लोंबतेच. ती बदलायची, दोन्ही स्प्रॉकेटसकट. नुसती चेन बदलून जुन्या दातांवर चढवली की सहा महिन्यांत पैसे पाण्यात.

ड्रम रबर म्हणजे मागच्या हबमध्ये स्प्रॉकेट कॅरिअरच्या पाकळ्यांमध्ये बसणारे रबराचे ठोकळे. चाक काढा, कॅरिअर हाताने उचला. नुसत्या बोटांनी सैल निघून आला तर रबर संपले. नवे रबर बसवताना दाबावं लागतं, थोडं साबणाचं पाणी लावलं की बसतात. ग्रीस लावू नका, रबर खराब होतं. माझे जुने रबर काढून नव्यांशेजारी ठेवले तेव्हा एका बाजूची कड बोटभर झिजून चकचकीत झालेली दिसली. हे काम गॅरेजवाल्याला सांगितलंत तर जुने रबर परत मागून घ्या आणि स्वतः बघा.

मग केबल. ग्रिप फिरवताना केबल ताणायच्या आधी जो मोकळा खेळ असतो, तो मॅन्युअलच्या हद्दीत पण खालच्या बाजूला ठेवा. आठ-दहा मिलिमीटर खेळ असलेली गाडी आपण चालवूच शकत नाही, कारण मनगट आधी रिकामं फिरतं आणि मग एकदम पकड घेतं. खेळ कमी केल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम जरासुद्धा वाढला तर केबल फार घट्ट झाली आहे किंवा कुठे अडकते आहे. आणि ग्रिप पूर्ण उघडून सोडल्यावर खाडकन बंद झाली पाहिजे. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

बाकीचं पटकन सांगतो. एअर फिल्टर नवा किंवा साफ. प्लग नवा, गॅप बघून. थ्रॉटल बॉडीतली काळी पुटं क्लीनरने साफ. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला तडा नाही ना ते बघा. तिथून आत येणारी हवा कुणी मोजलेली नसते, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बॅटरी अशक्त असेल तर इंजेक्टर उघडायला उशीर करतो, म्हणून व्होल्टेज तपासा. टॅपेट शेवटचे कधी बघितले आठवत नसेल तर तेही करून घ्या.

झटक्याची वही

आता गाडी चालवा आणि लिहा. मी ग्रिपच्या आतल्या कडेला आणि स्विच हाउसिंगवर मास्किंग टेप चिकटवली. हाउसिंगवर एक रेघ, ग्रिपवर पेन्सिलने बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पाव भागाच्या आत आणखी चार बारीक रेघा. ज्या दिवशी ही टेप लावली त्या दिवशी मला धक्का बसला. भोसरीहून कामावरून घरी, तिथून पिरंगुट आणि पुढे मुळशीपर्यंत, मी पहिल्या पावाच्या बाहेर गेलोच नव्हतो. ओव्हरटेक सोडून सगळा प्रवास त्या चार बारीक रेघांमध्ये झाला. म्हणजे मला पॉवर वाढवायची नव्हती. मला त्या चार रेघा गुळगुळीत करायच्या होत्या. जे पूर्ण थ्रॉटलचे आकडे दाखवून किट विकतात, त्यांच्या आलेखात माझ्या उपयोगाचा भागच नसतो.

वहीत प्रत्येक झटक्याला तीन गोष्टी लिहा: गिअर, आरपीएम, आणि झटका ॲक्सिलरेटर बंदवरून उघडताना आला, का एका जागी धरलेला असताना. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे.

एका जागी धरलेला असताना गाडी लहान लहान हिसके देत असेल, तर मिश्रण पातळ आहे किंवा आरपीएम फार कमी आहे. आरपीएम कमी असेल तर त्याचं औषध गिअर खाली टाकणं, हेच आहे. एका सिलिंडरच्या या इंजिनला चौथ्या गिअरला अडीच हजारावर ओढायला लावून किटला दोष देऊ नका.

बंदवरून उघडताना येणारा झटका वेगळा. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावर ठरावीक आरपीएमच्या वर ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा गाडीचा कॉम्प्युटर, इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल शून्य. मॅनिफोल्डच्या भिंतीवर पेट्रोलचा जो पातळ थर असतो, तो तेवढ्यात सुकून जातो. पुन्हा उघडलं की पहिलं थोडं पेट्रोल भिंत ओली करण्यात जातं, हवा मात्र ताबडतोब पोहोचते. क्षणभर पातळ, आणि मग एकदम जोर. याच्यावर पिगीबॅक किटचा, म्हणजे ईसीयूला जोडून बसणाऱ्या बॉक्सचा, पूर्ण इलाज नाही, कारण किट ईसीयूने दिलेल्या पेट्रोलात टक्के वाढवतं आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. त्यानंतरच्या क्षणाला मात्र थोडं जास्त पेट्रोल देता येतं, आणि त्याने धार बरीच बोथट होते.

चिप, बॉक्स, आणि माझा चुकलेला पहिला खर्च

सुरुवातीला मी घाईत एक "चिप" मागवली होती. दोन वायरी, हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायच्या. लावल्यावर सकाळी थंड इंजिनला गाडी काळा धूर टाकायची आणि स्थिर वेगावर काहीच फरक नव्हता. मी हीट श्रिंकची नळी ब्लेडने कापली. आत एक रेझिस्टर. बस. त्याने ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड असल्याचं सांगायचं, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवणार, सगळीकडे सारखंच, जिथे नको तिथेही. आणि स्थिर वेगावर सायलेन्सरच्या बेंड पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल जास्त झालं" म्हणून तक्रार करतो, ईसीयू ते जास्तीचं काढून घेतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. आपला सगळा रोजचा प्रवास याच लूपमध्ये होतो. तापमान बघून हिशोबाने काम करणारी चांगली उपकरणं असतात, पण लूपचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही. कोणतंही किट घेताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ऑक्सिजन सेन्सरचं काय करता? उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

साधारणपणे तीन उत्तरं मिळतात. एक, सेन्सर काढून टाकायचा आणि तिथे डमी लावायची. दुसरं, सेन्सरचा सिग्नल मध्ये अडवून किंचित सरकवायचा, म्हणजे ईसीयू लॅम्डा १ समजून ०.९६-०.९७ वर गाडी ठेवतो. याला ऑप्टिमायझर म्हणतात. तिसरं, ईसीयूच पुन्हा लिहायचा.

मी दुसरा रस्ता घेतला, आणि त्याचं कारण आपल्याकडचं पेट्रोल. पंपावर आता ई२० मिळतं. त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे आठेक टक्क्यांचा फरक. जुन्या मॅपवर, सेन्सर काढलेली गाडी ई२० वर चालवली तर आपण वाढवलेलं सगळं पेट्रोल तिथेच खर्च होतं आणि गाडी पहिल्यासारखी पातळ. सेन्सर जागेवर असेल तर तो निदान क्लोज्ड लूपमध्ये हा फरक आपोआप भरून काढतो. ज्या मित्रांनी चार-पाच वर्षांपूर्वी डमी लावून मॅप केला आणि आता "गाडी पुन्हा तशीच झाली" म्हणतात, त्यांनी आधी हे तपासावं.

ऑप्टिमायझरच्या जोडीला पिगीबॅक बॉक्स म्हणून मी बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक लावला. तो ईसीयू आणि इंजिनच्या मध्ये बसतो, कंपनीची वायर कुठेही कापावी लागत नाही, आणि काढला की गाडी होती तशी. आर-ट्यून नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपवर तक्ता उघडतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटलचे टक्के, आणि प्रत्येक चौकोनात पेट्रोल किती टक्के कमी-जास्त. इग्निशनचाही वेगळा तक्ता आहे. त्याला मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका. या इंजिनचं कॉम्प्रेशन भरपूर आहे. साध्या पेट्रोलवर टायमिंग पुढे घेऊन नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी जळून होणारी ठकठक, सुरू झालं तर हेल्मेटमधून ते ऐकू येईलच असं नाही, पिस्टनला मात्र कळतं.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण हे लपवून लिहिणं मला पटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. वॉरंटीतल्या गाडीला बॉक्स लावलात तर वॉरंटीवर पाणी सोडल्यासारखं आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका, फ्री-फ्लो पाइप लावू नका. मऊपणासाठी त्यांची गरजच नाही. उलट मोकळ्या पाइपने खालचा भाग आणखी पातळ होतो. आणि मिश्रण फार जाड केलंत तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. टाकीखालच्या कपलरांचे फोटो काढून ठेवा, कोणता कुठून आला ते. कपलर ओढताना वायर धरून ओढू नका, लॉक दाबून प्लास्टिक धरा. अर्थची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, चेसिसच्या रंगावर बोल्ट मारून नको. बॉक्स मी मागच्या सीटखाली ठेवला, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, कपलरची तोंडं खाली. ताम्हिणीच्या पावसात एकदा गेलात की तोंडं खाली का ते समजतं. टाय मारण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठली वायर ताणत नाही ना.

मग इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि सॉफ्टवेअरमध्ये थ्रॉटलची शून्य आणि पूर्ण जागा शिकवा. ही पायरी लोक उरकून टाकतात. शून्य चुकीचं बसलं तर तुम्ही पाच टक्क्यांच्या ओळीत भरलेला आकडा प्रत्यक्षात आठ टक्क्यांवर लागू होतो आणि तुम्ही महिनाभर भुतामागे धावता. ग्रिप हळू उघडत जा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा. मध्येच उडी मारत असेल तर टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा सेन्सर, झिजला आहे. तेच झटक्याचं कारण असू शकतं.

चार रेघांचं ट्युनिंग

अंदाजाने चांगलं ट्युनिंग होत नाही, धुरातून लॅम्डा नेमका मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो. मी ओळखीच्या ट्यूनरकडून दोन आठवड्यांसाठी भाड्याने घेतला. बेंड पाइपला, कन्व्हर्टरच्या आधी, १८ मिमीचा, दीड पिचचा नट वेल्ड करून घेतला. सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर कललेला हवा, नाहीतर पाइपमधलं पाणी त्याच्यावर पडून तो फुटतो. काम झालं की सेन्सर काढून बोल्ट लावून टाका. हीटर बंद ठेवून सेन्सर धुराच्या वाटेत ठेवला तर तो लवकर मरतो. मीटर लॅम्डा दाखवणारं ठेवा. हवा-पेट्रोलचं गुणोत्तर दाखवणारं मीटर आपलं पेट्रोल १४.७ चं आहे असंच धरून चालतं, ई२० वर तो आकडा फसवा असतो. लॅम्डा कुठल्याही पेट्रोलवर लॅम्डाच. आणि आयडलवरचा आकडा मनावर घेऊ नका. एका सिलिंडरच्या इंजिनला कमी आरपीएमवर पाइपच्या टोकाकडून हवा उलटी येते आणि मीटर खोटं पातळ दाखवतं. आयडल मी कंपनीचाच ठेवला, पीयूसीसाठीही तेच बरं.

चाचणीचा रस्ता एकच ठेवा, पेट्रोल एकाच पंपाचं, इंजिन पूर्ण तापलेलं. मी रविवारी पहाटे पौडच्या पुढे जायचो. लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये, लॉगिंग चालू. स्क्रीन बघायची ती गाडी बाजूला उभी करूनच.

बॉक्सच्या कंपनीने दिलेला बेस मॅप मी भरला आणि त्यातल्या २५ टक्के थ्रॉटलच्या वरच्या ओळी तशाच सोडल्या. काम फक्त खालच्या कोपऱ्यात, अडीच ते साडेपाच हजार आरपीएम आणि २ ते २० टक्के थ्रॉटल. एका वेळी एकच बदल, दोन टक्क्यांचा. दोन टक्के वाढवले, तोच पाच किलोमीटरचा तुकडा चालवला, वहीत लिहिलं. चारवर हिसके कमी झाले. सहावर गाडी लोण्यासारखी. आठवर काय होतं ते बघायला मुद्दाम गेलो: उघडताना गाडी क्षणभर सुस्तावते, आवाज जड होतो, थांबल्यावर पेट्रोलचा वास येतो. प्लग काढला तर पोर्सिलेनवर कोरडी काजळी. सहावर आलो तेव्हा तो पुन्हा फिक्या चॉकलेटी रंगावर आला.

पण सगळ्या कोपऱ्यात सहा भरून काम संपलं नाही, आणि माझ्या मते लोक इथेच चुकतात. सहाच्या शेजारी शून्य ठेवलं तर त्या दोन चौकोनांच्या सीमेवर नवाच झटका तयार होतो. वळणात ॲक्सिलरेटर हळू उघडताना गाडी पायरी उतरल्यासारखी वाटते. माझ्या वहीत त्या दिवशी "४२००, तिसरा, पायरी" असं चार वेळा लिहिलं आहे. तक्ता उघडला तर नेमकी तिथेच सहावरून शून्याची उडी. म्हणून उतार करावा लागतो. माझे शेवटचे आकडे असे बसले: २ टक्के थ्रॉटलला ३, ५ ला ५, १० ला ६, १५ ला ४, २० ला २, पुढे बेस मॅपला मिळतं घेतलेलं. आरपीएमच्या दिशेनेही तसाच उतार. शेजारच्या दोन चौकोनांत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक ठेवू नका. मीटरवर लॅम्डा ०.९४ ते ०.९७ मध्ये खेळत होता. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या फिल्टरचे. तुमच्या गाडीत जसेच्या तसे भरू नका, उताराचा आकार तेवढा घ्या.

ॲक्सिलरेशन एनरिचमेंट, म्हणजे ग्रिप झटकन उघडल्यावर मिळणारं जास्तीचं पेट्रोल, हा मोह टाळा. मी वाढवून बघितलं. नुसत्या गल्लीत मजा येते, ट्रॅफिकमध्ये मनगट जरा हललं तरी गाडी उसळते. पुन्हा शून्य केलं.

सगळं झाल्यावर थंड सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, आणि मागे माणूस बसवून एकदा चालवा. मागे वजन असलं की त्याच वेगाला थ्रॉटल जास्त लागतो, म्हणजे तुम्ही तक्त्यातल्या दुसऱ्याच चौकोनात जाता. बायकोला घेऊन गेलो तेव्हा १५ टक्क्यांच्या ओळीतला एक चौकोन पातळ निघाला. तो एकट्याने चालवताना सापडलाच नव्हता.

मायलेज विचाराल तर लिटरला अठ्ठावीस होतं ते सव्वीस झालं. मला मान्य आहे.

राहिलेले झटके हाताचे. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडू नका. मागचा ब्रेक हलका धरून ग्रिप अगदी केसभर उघडी ठेवा, म्हणजे इंजेक्टर बंद पडत नाही आणि चेन ताणलेली राहते. अंगठा आणि तर्जनी स्विच हाउसिंगला टेकवून ग्रिप फिरवली तर खड्ड्यात मनगट उडालं तरी ग्रिप उडत नाही. पुण्याच्या रस्त्यांना हे फार लागतं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा ताम्हिणीला गेलो. तीन टक. त्यातला एक पौडच्या गतिरोधकावर, तो मी धरत नाही.

मॅपच्या फाइलला तारीख आणि पेट्रोलचा प्रकार घालून नाव द्या, आणि एक प्रत मेलवर ठेवा, लॅपटॉपचा भरवसा नाही. आणखी एक करा. सीटखाली बॉक्सशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: पिगीबॅक लावला आहे, ऑक्सिजन सेन्सर चालू, ऑप्टिमायझर डाव्या बाजूला टाकीखाली, मॅप ई२० वर केला आहे, बेंड पाइपवरचा बोल्ट वाइडबँडचा आहे, गळती नाही. मूळ कपलर जोडायचे असतील तर हिरवी टेप हिरव्याला, पिवळी पिवळ्याला.